माणसाळविलेले वन्य प्राणी

माणसाळविलेले वन्य प्राणी : रानात जन्मलेले, परंतु पकडून माणसाच्या सहवासात ठेवलेले आणि त्याच्या हाकेला, स्पर्शाला व धाकाला सरावलेले प्राणी. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर हे प्राणी पाळीव होत. पिंजऱ्यातील पोपट, दरवेश्याचे अस्वल व संस्थानिकांच्या पदरचा शिकारी चित्ता हे माणसाळविलेले होत. बोलीभाषेत दोहोंनाही ‘पाळलेले’ म्हणतात आणि त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. माणसाळणे ही एका प्राण्याच्या आयुष्यातील घटना आहे; ती त्याच्याबरोबर संपते. पाळीव होणे ही एका जातीच्या शेकडो पिढ्यांची घटना आहे. त्या काळात माणूस प्रत्येक पिढीतील शांत व सोशीक नरमाद्या निवडून त्यांचीच वीण वाढवीत जातो आणि अखेर जन्मतःच माणसाला न बुजणारी संतती निर्माण होते. वन्य प्राणी घरी पाळण्यास योग्य आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर या भेदावर अवलंबून आहे. वऱ्हाडात आणि विशेषतः बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, कारण रानातील जनावर जिवंत पकडून त्याला कामाला लावणारे कसबी लोक या भागात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहेत.

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटाखालील’ व ‘घाटावरील’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली पूर्णा नदीचे काळ्या जमिनीचे सपाट खोरे असून त्याच्या उत्तरेस जळगाव-जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या रांगा आहेत. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगांचा माथा व त्याच्या दक्षिणेस चिखली, मेहकर व लोणारकडील पठार पसरले आहे. खोऱ्यातील व पठारावरील मोकळी माळराने ही काळवीट, ससा, तित्तिर व लावा यांची भूमी. डोंगरउतारांवरील झुडपी जंगल अस्वल, बिबट्या व तरस यांचे. शेती आणि रान येथे एकमेकांना इतके लागून आहेत, की कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती एखादे पाडस किंवा सशाचे पिल्लू लागणे ही नवलाची गोष्ट नाही. अशी पिल्ले घरी आणण्याची प्रवृत्तीही जुनीच आहे. शकुंतलेचे हरिण व पाडसाच्या मोहात तपश्चर्या गमावलेला राजा भरत या दोन्ही कथा भारतीय मनात खोल रुजलेल्या आहेत. त्यांपैकी दुसरीतील इशाऱ्यापेक्षा पहिलीतील गोडव्याचाच प्रभाव अधिक पडला, असे म्हणावे लागते.

पारधी व त्यांची जनावरे : वऱ्हाडात वन्य प्राणी जिवंत पकडण्याचे काम प्रामुख्याने पारधी समाजाकडे होते. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) या समाजाची विस्तृत माहिती आलेली आहे. तीनुसार त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात पारध्यांची संख्या सु. १५,००० होती. धंद्यावरून त्यांच्यात अनेक पोटभेद पडले होते. फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. दगडी जात्यांना टाकी लावणारे ते टाकणकर. मगरीचे तेल विकणारे ते तेलवेचणे. आणि चित्ता पाळून त्याच्याकरवी हरणांची शिकार करणारे ते चितेवाले किंवा चित्तापारधी.

फासेपारध्यांची साधने साधी होती : जनावरांच्या आतड्याची किंवा शिरांची तात, तिचे फासे, खुंट्या आणि एक शिकविलेला बैल किंवा गाय. बैलाच्या आडोशाने पारधी चरत्या पाखरांच्या अगदी जवळ जाई, कारण गुरांना तित्तिर व हरणे बुजत नाहीत. पिंजऱ्यातील नर तित्तिर रानात नेऊन ठेवला, की त्याची हाक ऐकून त्या भागातील दुसरा नर भांडायला येई आणि सभोवती मांडलेल्या फाशांत सापडे. आइन-इ-अकबरी त पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातील नरावर सोडण्याची पद्धत वर्णिलेली आहे. या साऱ्या युक्त्यांमध्ये बैल तेवढा पाळीव. तित्तिर व काळवीट केवळ सरावलेले. सरावलेला तित्तिर मेला की पुन्हा रानातूनच दुसरा आणावा लागे. त्याची संतती पिंजऱ्यात वाढवून पुढच्या पिढीस तेच काम शिकवावे, असा प्रघात पडला नाही आणि त्याची कोणाला गरजही भासली नाही. रानात पाखरांची वाण नव्हती.

चित्ता : माणसाळविलेल्या वन्य प्राण्यांच्या इतिहासात चित्त्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याचे शास्त्रीय नाव ॲसिनोनिक्स जुबेटस असे आहे. वऱ्हाडच्या बोलीत बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणत आणि इंग्रज लेखक चित्त्याला शिकारी बिबट्या म्हणत. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना पुष्कळदा घोटाळा होतो. खरा चित्ता लांब पायांचा, सडपातळ, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला आणि मोकळ्या माळावर धावून शिकार करणारा प्राणी आहे. मोठ्या मार्जारकुलीन प्राण्यांत तो स्वभावाने सर्वांत सौम्य आहे. पकडल्यावर तो वाघाबिबट्याप्रमाणे उलटून हल्ला करीत नाही; काही आठवड्यांत माणसाच्या हातून खाऊ लागतो आणि गुरगुरण्याऐवजी मांजरासारखा घुरघुरतो. घरात पाळण्याजोगा एखादा मोठा श्वापद शोधायचाच झाला, तर तो हाच असे कोणासही वाटावे.

चित्त्याकरवी शिकार करण्याचा प्रघात दक्षिणेत निदान आठशे वर्षांइतका जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मृगयेच्या प्रकारांत चित्त्यांचा समावेश आहे. मोगल दरबारात ही कला कळसास पोहोचली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगल साम्राज्यात आला. ज्या आइन-इ-अकबरी त वऱ्हाड सुभ्याची, त्यातील मेहकर सरकारची व लोणारच्या पावित्र्याची नोंद आहे, त्याच ग्रंथात बादशाही चित्त्यांचे पकडणे, त्यांचे शिक्षण, चाकर व शिधा यांचाही तपशील दिलेला आहे. चित्त्यांचे आठ वर्ग केलेले असून पहिल्या वर्गातील चित्त्यास रोज पाच शेर मांस मिळे आणि खालच्या वर्गांस क्रमाने कमी. पूर्वी चित्ता शिकवून तयार करण्यास दोनतीन महिने लागत, पण बादशहाच्या देखरेखीखाली तो अठरा दिवसांत शिकारीस निघू लागला, असेही त्यात म्हटले आहे. दरबारी लेखकाची ही बढाई मानावी लागेल. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत या शिक्षणास सु. सहा महिने लागत असल्याचे आढळते.

चित्ता पकडण्याची पारध्यांची रीत त्यांच्या बारीक निरीक्षणाची साक्ष देते. माळावरील ठराविक झाडांशी चित्ते वारंवार येतात, बुंध्याला नखे घासतात व आपली खूण ठेवून जातात. अशा झाडाभोवती तातीचे फासे मांडले, की काही दिवसांत एखादा चित्ता हमखास अडके. पकडायचा तो पूर्ण वाढलेलाच. आईजवळून उचललेले पिल्लू माणसाळते लवकर, पण त्याला शिकार येत नाही. ती विद्या आईनेच द्यावी लागते, हे चितेवाले पक्के जाणून होते. पकडल्यावर चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी बांधीत, कमरेला व गळ्याला दोर लावून त्याला खाटेवर जखडून ठेवीत आणि काही दिवस उपाशी व जागे ठेवून त्याचा जोम मोडीत. चित्तेवानाच्या घरातील बायकामुलांना त्याच्याजवळ बसवून दिवसभर बोलत राहण्यास सांगत. हेतू हा, की माणसाच्या आवाजाची त्याला सवय व्हावी. पुढे त्याला बाजारातून फिरवीत. शिकारीच्या दिवशी बैलांच्या छकड्यावर बसवून काळविटांच्या कळपाच्या शक्य तितक्या जवळ नेत आणि टोपी काढून सोडीत. त्याने काळवीट खाली पाडून गळा धरला, की चित्तेवान धावत जाऊन हरणाचा गळा कापी व लाकडी पळ्यात रक्त धरून चित्त्यापुढे करी. पळ्यातील रक्त चाटण्यात चित्ता गुंतला, की हळूच टोपी पुन्हा डोळ्यांवर चढे. शिकार धन्याची होई. चित्त्याच्या वाट्याला तेवढे रक्त व मागचा एक पाय.

या वर्णनात क्रौर्य व कौशल्य दोन्ही आहेत. पण त्याहून लक्षणीय आहे ते त्यात जे कोठेच येत नाही ते, म्हणजे चित्त्यांची वीण. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे, की त्याच्या वडिलांनी एके काळी एक हजार चित्ते एकत्र केले होते. त्यांचा संयोग व्हावा अशी त्यांची फार इच्छा होती, परंतु ते कधीच साधले नाही. जहांगीराच्या कारकीर्दीत सु. १६१३ मध्ये एक नर गळपट्टा निसटून मादीजवळ गेला आणि अडीच महिन्यांनी तिला तीन पिल्ले झाली. जहांगीराला ही गोष्ट इतकी अपूर्व वाटली, की त्याने ती मुद्दाम लिहून ठेवली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्ले जन्मल्याची नोंद अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात १९५६ मध्ये झाली. या दोन प्रसूतींमध्ये सु. साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. याची कारणे आता बरीचशी कळली आहेत. चित्त्याची मादी एकटी राहते व नर बहुधा भावाभावांच्या लहान टोळ्या करून राहतात. मादी माजावर आली असता दूरवरून नर तिच्या मागावर येतात. दोरीने खाटेला बांधलेल्या, एकमेकांच्या सतत सान्निध्यात ठेवलेल्या नरमाद्यांमध्ये ही साखळीच तुटते.

याचा अर्थ असा, की आठशे वर्षांत भारतात जेवढे चित्ते पाळले गेले, ते जवळजवळ सर्व रानातून आणलेले होते. प्रत्येक चित्तेखाना हा माळरानातील चित्त्यांच्या संख्येला लागलेली गळती होती. पकडताना दगावलेले, शिकविताना मेलेले व आई पकडली गेल्यामुळे उघड्यावर पडलेले यांची गणती कोणीच ठेवली नाही. इंग्रजी अमलात बंदुकीची शिकार व काही प्रांतांत चित्ता मारल्याबद्दल दिले जाणारे इनाम यांची त्यात भर पडली. माळराने नांगराखाली आली आणि काळविटांचे कळप ओसरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकवायला देशी चित्ता मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूर, भावनगर व बडोदा यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणण्यास सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे सु. दोनशे चित्ते देशात आले. कोल्हापूर दरबारचे चित्तेवान त्यांच्या कसबाबद्दल प्रसिद्ध होते. पण हा खेळही राजेरजवाड्यांबरोबर संपला. भारतातील रानटी चित्त्यांचा अखेरचा सर्वमान्य दाखला १९४७ चा असून त्या वर्षी आजच्या छत्तीसगढमधील कोरिया संस्थानात तीन नर एकाच रात्री मारले गेले. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे शासनाने जाहीर केले. २०२२ मध्ये नामिबियाहून आठ व २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले आणि तेथे त्यांची पिल्लेही जन्मली आहेत. परंतु ते आफ्रिकी उपजातीचे आहेत.

चितेवाल्यांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत कालांतराने पारध्यांनाही आणण्यात आले. एकीकडे साहेबांच्या शिकारीसाठी हाकारे घालणारा हाच माणूस दुसरीकडे जन्मतः गुन्हेगार ठरला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणजे चित्ता आणि चितेवाल्यांवरील शिक्का दोन्ही एकाच वर्षी शासनदप्तरातून गेले. शिक्का गेला तरी संशय मात्र मागे राहिला. या समाजाचे रानाचे ज्ञान अगदीच वाया गेलेले नाही. अलीकडच्या काळात अकोला व वाशिम या शेजारच्या जिल्ह्यांत तणमोर या दुर्मिळ पक्ष्याच्या रक्षणासाठी फासेपारध्यांचीच मदत घेतली गेली. गवतात लपलेल्या पाखराचा माग त्यांच्याइतका कोणास काढता येणार?

अस्वल : चित्ता हा दरबाराचा, तर अस्वल रस्त्यावरचे. दरवेशी, कलंदर व मदारी आठवडी बाजारांतून व गावच्या चावडीपुढे अस्वलाचे खेळ करीत. आजारी मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसविले की भय जाते आणि अस्वलाचा केस ताईतात घातला की दृष्ट लागत नाही, अशी समजूत असल्याने खेळाबरोबर केसांचीही विक्री होई. बुलढाण्याच्या डोंगरांत आढळणारे अस्वल (मेलुर्सस अर्सिनस) वाळवी, मुंग्या, मध व फळे खाऊन राहते. ते सहसा माणसाच्या वाटेस जात नाही, पण अचानक समोरासमोर गाठ पडल्यास घातक हल्ला करते. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तिला मारल्यावाचून किंवा गुहेतून हुसकल्यावाचून पिल्लू हाती येत नाही. पिल्लू थोडे मोठे झाले, की तापविलेल्या सळईने त्याच्या नाकाला आरपार भोक पाडून दोर ओवीत आणि सुळे काढीत किंवा बोथट करीत. ज्याला प्रेक्षक नाच म्हणत, तो दोराच्या झटक्याने होणारी वेदना टाळण्याची धडपड होती. नंदीवाल्याचा बैल व दरवेश्याचे अस्वल ही दोन्ही एकाच चावडीपुढे खेळ करून गेली असतील; पण बैलाचे पूर्वज हजारो वर्षे गोठ्यात जन्मलेले, तर अस्वलाची आई त्याच वर्षी रानात मारली गेलेली.

केंद्र शासनाने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर स्वयंसेवी संस्थांनी कलंदरांना दुसऱ्या व्यवसायासाठी साहाय्य देऊन अस्वले ताब्यात घेतली. २००९ पर्यंत देशभरातून सहाशेहून अधिक अस्वले आग्रा, भोपाळ, बंगळूर इ. ठिकाणच्या पुनर्वसन केंद्रांत पोहोचली. नाक फाटलेल्या व सुळे गमावलेल्या या अस्वलांपैकी कोणतेही रानात सोडण्याजोगे उरले नव्हते.

पाळीवपणाच्या अटी : कोणता प्राणी पाळीव होऊ शकतो, याचा पहिला व्यवस्थित विचार फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडला. प्राणी काटक असावा, त्याला माणसाची उपजत ओढ असावी, सुखसोयीची आवड असावी, त्याचा माणसास उपयोग व्हावा, त्याची बंदिवासात मुक्तपणे वीण व्हावी आणि त्याला राखणे सोपे असावे, अशा अटी त्याने सांगितल्या. रानटी अवस्थेतील माणसांनी जवळजवळ प्रत्येक प्राणी केव्हातरी पाळून पाहिला आहे. जे पाळीव झाले नाहीत ते बहुधा एखाद्याच अटीत उणे पडले म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. चित्त्याने जवळजवळ सर्व अटी पुऱ्या केल्या. वीणेची तेवढी केली नाही आणि त्या एका उणिवेने सारा डाव फसला. हत्तीचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. तो हजारो वर्षे माणसाची आज्ञा पाळत आला, पण बहुतांशी रानातून धरून आणलेला हत्तीच कामास लावला गेल्यामुळे ती जात आजही पाळीव म्हणता येत नाही.

निवड केली तर काय घडते, हे रशियात नोव्होसिबिर्स्क येथे दमित्री बेल्यायेव्ह याने १९५९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात दिसले. लोकरीसाठी आधीच पिंजऱ्यांत वाढविल्या जाणाऱ्या रुपेरी खोकडांपैकी प्रत्येक पिढीतील सर्वांत शांत अशी थोडीच निवडून त्यांची वीण वाढविण्यात आली. काही दशकांत शेपटी हालविणारी, माणसाकडे धावत येणारी, काही तर कान पडलेली व अंगावर पांढरे ठिपके असलेली खोकडे जन्मू लागली. हे यश मोठे असले, तरी त्यासाठी एक संस्था, हजारो प्राणी व काटेकोर नोंदवह्या लागल्या. घरी एखादे खोकडाचे किंवा कोल्ह्याचे पिल्लू वाढविणाऱ्यास यातील काहीच साधता येत नाही. त्याच्या हाती येते ते लळा लागलेले, पण आतून रानटीच असलेले एक जनावर.

घरातील वन्य प्राणी : चित्ता व अस्वल सामान्य गृहस्थाच्या घरी कधीच नव्हते. त्याच्या घरी आले ते पोपट, ससा, मुंगूस, कासव आणि क्वचित हरणाचे पाडस. पोपट हा तर मराठी घराचा जणू एक घटकच मानला जातो. परंतु ‘विठू विठू’ म्हणणारा हा पक्षी बाजारात येतो तो झाडाच्या ढोलीतून काढलेल्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लाच्या रूपाने. रानात तो थव्याने राहतो व रोज अनेक किलोमीटर उडतो. एकट्याने पिंजऱ्यात ठेवल्यास तो पिसे उपटतो आणि सारख्या येरझारा घालतो, हे पुष्कळांनी पाहिले असूनही त्याचा अर्थ लावलेला नसतो. सशाच्या बाबतीत नावानेच फसगत होते. दुकानात मिळणारा पांढरा ससा हा यूरोपीय बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज असून तो खरोखर पाळीव आहे. वऱ्हाडच्या शेतात आढळणारा ससा निराळ्या प्रजातीचा आहे. तो बीळ करीत नाही, उघड्यावर राहतो आणि कोंडल्यास भीतीनेच बहुधा मरतो. माकडाचे पिल्लू पहिली दोनतीन वर्षे खेळकर असते. वयात आल्यावर कळपातील स्थानासाठी ते घरातील माणसांशीच झगडू लागते आणि सर्वांत आधी लहान मुलांना चावते. चावण्यातून आलर्क रोगाचा (पिसाळ रोगाचा) धोका असतो. मकाक माकडांपासून माणसास होणारा एक विषाणुजन्य मेंदूदाहही प्राणघातक ठरलेला आहे.

पाडसांची गोष्ट या जिल्ह्यात अधिक जवळची आहे. काळविटाची मादी वीत असताना कळपापासून दूर जाते आणि पहिले काही दिवस पाडसाला गवतात किंवा उभ्या पिकात निश्चल बसवून स्वतः चरायला जाते. दिवसातून थोड्याच वेळा येऊन ती त्याला पाजते. पाडसाला जवळजवळ वास नसतो व ते हलत नाही, हेच त्याचे संरक्षण. निंदणाऱ्या मजुरांना असे पाडस दिसले, की ते अनाथ आहे असा समज होतो व दयेपोटी घरी आणले जाते. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते आणि बहुतेक पाडसे आठवड्याभरात मरतात. जगलेच आणि ते नर असले, तर पुढे निराळेच संकट उभे राहते. माणसांत वाढलेला काळवीट माणसाला आपल्याच जातीचा समजतो. शिंगे फुटून वयात आला, की तो माणसालाच प्रतिस्पर्धी नर मानून त्याच्यावर धावून जातो. रानातील काळवीट माणसाला पाहून पळतो, घरचा पळत नाही. मायेने वाढविलेले जनावर उलटले म्हणून त्याला कृतघ्न म्हणण्यात अर्थ नाही. त्याची भीती मोडण्याचे काम माणसानेच केलेले असते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण विदर्भाच्या दुसऱ्या टोकास आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया आदिवासींच्या शिकारीत आई मारली गेल्याने पोरके झालेले माकडाचे पिल्लू प्रकाश आमटे यांनी प्रथम सांभाळायला घेतले व पुढे बिबटे, अस्वले, हरणे, साप, मगरी अशा अनेक प्राण्यांचे ते आश्रयस्थान बनले. माणूस व बिबट्या यांचा तेथील सहवास पाहून अनेकांना वन्य प्राणी घरी पाळता येतात असे वाटले. वस्तुतः ते घर नव्हे, तर अनाथालय होय. तेथील प्राणी हौसेने आणलेले नाहीत, परत सोडता येत नाहीत म्हणून राहिलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी माणसे आयुष्यभर बांधली गेली आहेत.

कायदा व आजची स्थिती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे व पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही समावेश केला. संरक्षित वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरले. काळवीट, चिंकारा, अस्वल व बिबट्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्याविषयीच्या अपराधास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. पोपट पाळणे हा गुन्हा आहे, हे मात्र अजूनही बहुसंख्य सुशिक्षित कुटुंबांच्या गावी नसते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली व आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखालील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले. परदेशी इग्वाना, अजगर व रंगीत पोपट शहरांतील हौशी लोकांच्या घरी येऊ लागल्याने ते आवश्यक झाले होते.

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा (सु. २०५ चौ. किमी.) व अंबाबरवा (सु. १२७ चौ. किमी.) ही अभयारण्ये १९९७ मध्ये घोषित झाली, लोणार सरोवराभोवतीचे लहान अभयारण्य त्यानंतरचे. बुलढाणा–बोथा–खामगाव मार्ग ज्ञानगंगेच्या जंगलातून जातो. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण नर वाघ तेलंगण व मराठवाडा ओलांडून ज्ञानगंगेत पोहोचला. सु. पाच महिन्यांत तो १,३०० किमी.हून अधिक चालला होता. हद्द व मादी यांच्या शोधात एवढी भूमी तुडविणाऱ्या प्राण्याच्या गरजा घराच्या परसात किंवा वाड्याच्या पिंजऱ्यात मावणाऱ्या नाहीत.

रानातील जनावर कोणत्याही कारणाने हाती आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. उसाच्या किंवा तुरीच्या शेतात सापडलेली बिबट्याची पिल्ले वन विभागाचे कर्मचारी आता शक्यतो हलवीत नाहीत. टोपलीत घालून ती सापडली त्याच ठिकाणी रात्री ठेवतात व दुरून लक्ष ठेवतात. मादी बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पाडसाच्या बाबतीतही असेच करता येते. त्याच दिवशी ते मूळ जागी, त्याच तासात, सावलीत ठेवून माणसे व कुत्री दूर केली, तर सांजवेळी माळ शांत झाल्यावर मादी परत येते.